किलोमीटर, तास आणि महिने : सौंदड परिसरातील इंजिन ऑइलचा विचार

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे गाव गोंदिया–नागभीड–बल्लारशा रेल्वेमार्गावर वसलेले आहे, आणि २०१० च्या फेररचनेपूर्वी ६ क्रमांकाचा व आता ५३ क्रमांकाचा असलेला नागपूर–रायपूर राष्ट्रीय महामार्गही येथूनच जातो. झाडीपट्टीतील, म्हणजे विदर्भाच्या या पूर्व भागातील, धानाची शेती आणि देशाच्या पश्चिम व पूर्व भागांना जोडणारी मालवाहतूक या ठिकाणी एकमेकींना भेटत असल्यामुळे, येथील मिस्त्र्यांच्या हाताखालून जाणाऱ्या इंजिनांत जेवढी विविधता असते तेवढी शहरातील एखाद्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सहसा आढळत नाही. लांब पल्ल्याचे ट्रक, साकोली आणि सडक अर्जुनीच्या दिशेने माणसे भरून धावणाऱ्या काळी-पिवळी जीपगाड्या, चिखलणीचे ट्रॅक्टर, बाजारहाटापुरत्या बाहेर निघणाऱ्या घरगुती मोटारी आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या वाटांवर पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या जिप्सी अशा सर्वांचे मालक एकच प्रश्न विचारतात, की इंजिन ऑइल कधी बदलायचे. मोटारीच्या पुस्तिकेत बहुधा १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष असे लिहिलेले असते, जुना मिस्त्री ५,००० च्या पुढे जाऊ देत नाही, अनेक ट्रॅक्टरांची पुस्तिका २५० तास सांगते आणि नव्या मोठ्या ट्रकचा कंपनी-प्रतिनिधी याच्या कितीतरी पट अंतर सांगतो. ही उत्तरे परस्परविरोधी वाटली तरी ती एकाच गोष्टीची वेगवेगळ्या मापांनी केलेली मोजणी आहे. या पट्ट्यातील कामाचा अनुभव असा, की फसगत होते ती आकड्यामुळे क्वचित आणि चुकीचे माप हाती धरल्यामुळे पुष्कळदा.

इंजिन ऑइल म्हणजे केवळ वंगण अशी सर्वसाधारण समजूत आहे. फिरणारा क्रँकशाफ्ट आणि त्याची बेअरिंगे यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर टिकवून धातूचा धातूला स्पर्श होऊ न देणे हे त्याचे पहिले काम खरेच, परंतु त्याखेरीज पिस्टनची उष्णता वाहून नेणे, पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत यांमधील सूक्ष्म फट भरून दाब टिकवणे, जळणातून निर्माण होणारी काजळी व आम्ले आपल्यात सामावून घेणे आणि उभ्या इंजिनाला गंजू न देणे ही कामेही त्यालाच करावी लागतात. यासाठी खनिज किंवा कृत्रिम मूळ तेलात, म्हणजे बेस ऑइलमध्ये, निरनिराळी रसायने मिसळलेली असतात आणि त्यांना अॅडिटिव्ह असे म्हणतात. त्यांपैकी डिटर्जंट पिस्टनवर थर जमू देत नाही व आम्लांना निष्प्रभ करते, डिस्पर्संट काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता तेलात तरंगत ठेवते, जस्त व फॉस्फरसचे झेडडीडीपी हे संयुग दाबाखाली घासणाऱ्या पृष्ठभागांवर संरक्षक पापुद्रा तयार करते आणि अँटिऑक्सिडंट तेलाचा प्राणवायूशी होणारा संयोग लांबवते. मूळ तेल सहजासहजी निकामी होत नाही; खर्ची पडतात ती ही रसायने. आम्ल पचवण्याची ऑइलची उरलेली क्षमता टोटल बेस नंबर या अंकाने मोजतात आणि हा अंक वापराबरोबर उतरत जातो. अँटिऑक्सिडंट संपत आले की तेल प्राणवायूशी संयोग पावून दाट होऊ लागते, आणि ही क्रिया उष्णतेने किती वेगावते याचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले तर तिचा वेग साधारण दुप्पट होतो. ऑइल बदलायचे ते या रसायनांची शिल्लक संपण्याच्या आधी, एवढेच मूळ तत्त्व आहे. अडचण अशी, की ही शिल्लक दाखवणारा काटा सौंदडला येणाऱ्या बहुतेक वाहनांत नसतो, आणि म्हणून तिचा अंदाज दुसऱ्या कशावरून तरी बांधावा लागतो.

मिस्त्र्यांच्या तोंडी असलेला ५,००० किलोमीटरचा आकडा अज्ञानातून आलेला नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ज्या काळात हा आकडा रूढ झाला त्या काळातील ऑइलमध्ये आजच्याइतकी टिकाऊ रसायने नव्हती, कार्ब्युरेटर इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाजत असे व त्यातील काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळत असे, आणि डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण फार मोठे होते. गंधक जळाल्यावर त्याचे ऑक्साइड तयार होते, ते इंजिनातील पाण्याच्या वाफेशी मिळून आम्ल बनते आणि हे आम्ल बेअरिंगांच्या धातूला खाते. १९९० च्या दशकाच्या आरंभी भारतातील डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधकाला मुभा होती. भारत स्टेज ३ च्या इंधनात ते दशलक्ष भागांमागे ३५० भागांवर, स्टेज ४ मध्ये ५० वर आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज ६ मध्ये १० वर आले, म्हणजे तीस वर्षांच्या आत हजारपटीने घटले. आम्लाचा भार असा ओसरल्यावर आणि पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इंधनाचे मोजून फवारे मारणारी इंजेक्टरची व्यवस्था आल्यावर, ५,००० चा आकडा १०,००० होणे स्वाभाविक होते. अमेरिकेत ३,००० मैलांचा, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरचा, रिवाज अशाच परिस्थितीत पडला आणि परिस्थिती बदलल्यावरही ऑइल बदलून देणाऱ्या दुकानांच्या जाहिरातींनी तो कितीतरी वर्षे जिवंत ठेवला. सौंदडचा मिस्त्री जाहिरात करीत नाही, पण उघडलेल्या इंजिनात साचलेला काळा गाळ त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो, आणि पाहिलेल्या गाळाचा प्रभाव कोणत्याही पुस्तिकेपेक्षा मोठा असतो.

तथापि किलोमीटर हे माप चाकांचे आहे, आणि ऑइल चाकांत नसून इंजिनात असते. वाहन जागेवर उभे असताना इंजिन चालू राहिले तर किलोमीटरचा काटा हलत नाही, मात्र ऑइल तापत राहते, काजळी घेत राहते आणि त्यातील रसायने खर्च होत राहतात. ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनी हे आरंभापासून ओळखले होते, कारण नांगरणाऱ्या यंत्राच्या बाबतीत अंतराला अर्थच नसतो. म्हणून ट्रॅक्टरवर तासांचे मीटर आले. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ही तासांची भाषा ट्रॅक्टरच्याही आधीपासून परिचित होती, कारण १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची आणि तशीच इतरांची पाण्याची इंजिने विहिरीवर जागच्या जागी चालत आणि त्यांच्या ऑइलचा हिशेब चाललेल्या तासांवरूनच करावा लागे. मोटारीच्या बाबतीत मात्र हा हिशेब मागे पडला आणि एकाच घरात ट्रॅक्टरचे ऑइल तासांनी व मोटारीचे किलोमीटरने बदलण्याची पद्धत रूढ झाली.

ही दोन मापे एकमेकांत रूपांतरित करून पाहणे उद्बोधक ठरते. एखादी मोटार ताशी सरासरी ४० किलोमीटर वेगाने चालते असे धरले तर १०,००० किलोमीटर पूर्ण होण्यास तिला २५० तास लागतात, म्हणजे मोटारीची पुस्तिका आणि ट्रॅक्टरची पुस्तिका एकच गोष्ट सांगत असल्याचे दिसते. सरासरी वेग ६० असेल तर तेवढेच अंतर सुमारे १६७ तासांत संपते, आणि २० असेल तर ५०० तास लागतात. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाणारी गाडी आणि थांबत थांबत जाणारी गाडी या दोघींनी १०,००० चा आकडा एकाच दिवशी गाठला, तरी दुसरीचे ऑइल पहिलीच्या तिप्पट काम करून थकलेले असते. काळी-पिवळीचे चालक हे जाणतात असे त्यांच्या वागण्यावरून वाटते, कारण प्रवासी भरेपर्यंत इंजिन चालू ठेवण्याची सवय, प्रत्येक फाट्यावरचा थांबा आणि क्षमतेहून अधिक भार यांमुळे आपल्या गाडीला पुस्तिकेतील अंतर झेपत नाही, असे ते स्वतःहून सांगतात. व्याघ्र प्रकल्पातील जिप्सीची स्थिती याहून वेगळी नाही. ती धुळीच्या वाटेवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये संथ चालते, वाघाची चाहूल लागली की थांबते, पुन्हा सुरू होते, आणि संपूर्ण सकाळ इंजिनाने काम केल्यानंतरही काट्यावर जमा झालेले अंतर नगण्य असते. अशा गाड्यांसाठी जुना ५,००० चा आकडा आजही योग्य आहे, मात्र त्याचे कारण जुनी श्रद्धा हे नसून सरासरी वेग हे आहे.

लांब पल्ल्याच्या ट्रकचे उदाहरण उलट बाजूचे आहे. रस्त्यावर दिवसभर एकाच भारावर व स्थिर उष्णतेवर चालणारे इंजिन हे ऑइलच्या दृष्टीने सर्वांत सुखी इंजिन असते. शिवाय ट्रकच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्यात, लहान मोटारीच्या कितीतरी पट ऑइल असते आणि तेवढ्या मोठ्या साठ्यावर काजळीचा व आम्लाचा भार वाटला जातो. म्हणून ट्रकचे अंतर मोटारीपेक्षा फार मोठे असण्यात काहीही नवल नाही. ढाब्यावर किंवा गोदामासमोरच्या रांगेत तासन् तास इंजिन चालू ठेवणाऱ्या ट्रकला मात्र हे सुख लागू होत नाही, आणि नवीन ट्रकांच्या संगणकात चालू तास व रिकामे चाललेले तास वेगवेगळे नोंदवले जातात ते याचसाठी.

धानाच्या हंगामातील ट्रॅक्टर हा या सर्वांत अधिक कष्टाचा नमुना होय. आषाढात रोवणीपूर्वी बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, पाणी साठवून केजव्हील, म्हणजे लोखंडी पिंजऱ्यासारखी चाके, लावलेल्या ट्रॅक्टरने चिखलणी केली जाते तेव्हा इंजिनावर पूर्ण भार असतो, वेग माणसाच्या चालण्याइतका असतो, रेडिएटरवर चिखलाचे शिंतोडे वाळून हवेची वाट अडवतात आणि बांधी ओल्या असेपर्यंत काम उरकायचे असल्याने ट्रॅक्टर पहाटेपासून रात्रीपर्यंत चालतो. दिवसाला बारा तास काम झाले तर २५० तासांची मर्यादा तीन आठवड्यांत ओलांडली जाते. शेतकऱ्याच्या मनात मात्र ऑइल बदलणे हे वर्षातून एकदा, बहुधा हंगामाच्या तोंडावर करायचे काम असते. जेथे उन्हाळी धानही घेतले जाते आणि ट्रॅक्टर भाड्यानेही जातो तेथे वर्षभराचे तास याच्या कितीतरी पुढे जातात. यात आणखी एक बारकावा आहे. जुन्या ट्रॅक्टरांवरील यांत्रिक तासमीटर घड्याळाप्रमाणे चालत नाही. ते इंजिनाच्या फेऱ्यांवर चालते आणि ठरावीक वेगाला इंजिन फिरत असेल तेव्हाच त्याचा एक तास खऱ्या एक तासाइतका असतो. इंजिन कमी फेऱ्यांवर चालवले तर मीटर मागे राहते, त्यामुळे मीटर बिघडले आहे असा निष्कर्ष काढून त्याकडे पाहणेच सोडून दिलेले मालक अनेक आढळतात. अनेक ट्रॅक्टरांचे मीटर खरोखरच बंद असते, आणि अशा वेळी डिझेलच्या खर्चावरून तासांचा अंदाज काढणे हा मार्ग उरतो, जो पुरेसा विश्वसनीय आहे.

किलोमीटर आणि तास यांच्यापलीकडे तिसरे माप महिन्यांचे आहे आणि तेच लोकांना सर्वांत कमी पटते. वर्षभरात दोन-तीन हजार किलोमीटर चाललेल्या मोटारीचे ऑइल का बदलायचे, हा आक्षेप सौंदडच नव्हे तर कोठेही ऐकू येतो. त्याचे उत्तर पाण्यात आहे. १ लिटर पेट्रोल जळाले की सुमारे तेवढेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातील बहुतेक धुरांड्यातून बाहेर जाते, परंतु पिस्टन रिंगांच्या फटीतून काही वायू खाली चेंबरमध्ये उतरतो आणि इंजिन थंड असेल तर तेथेच त्याचे पाणी होते. इंजिनाचे पाणी काही मिनिटांत तापते व काटा मधोमध येतो, ऑइल मात्र त्याच्या मागून, बरेच अंतर गेल्यावर पुरते तापते. घरापासून बाजारापर्यंत किंवा स्टेशनपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत ते कधीच पुरेसे तापत नाही आणि त्यात मिसळलेले पाणी व पेट्रोल उडून जाण्याची संधीच मिळत नाही. अशा मोटारीच्या ऑइल भरण्याच्या झाकणाखाली, विशेषतः थंडीच्या दिवसांत, फिकट पिवळसर साय जमलेली दिसते. हेड गॅस्केट गेल्याने रेडिएटरचे पाणी ऑइलमध्ये उतरले तरी तशीच साय दिसते, म्हणून रेडिएटरमधील पाण्याची पातळी पाहिल्याशिवाय निदान करू नये, हा नियम अनुभवी मिस्त्री कटाक्षाने पाळतात. कमी चालणारी गाडी म्हणजे ऑइल कमी खर्च करणारी गाडी, हे समीकरण म्हणूनच चुकीचे आहे. पुष्कळ वेळा तीच सर्वांत कठीण आयुष्य जगत असते. आठवड्यातून एकदा तिला महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग चालवणे हा तिच्यावरचा स्वस्त उपाय होय.

झाडीपट्टीच्या एका वैशिष्ट्याचा येथे उल्लेख करावयास हवा. दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या सुमारास संपणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीच्या हंगामात, याच रेल्वेमार्गावरील वडसा देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांच्या गाड्या रात्रीच्या प्रयोगांसाठी गावोगाव फिरतात आणि उरलेल्या काळात त्यांतील बऱ्याच गाड्यांना फारसे काम नसते. हंगाम संपला की गाडी तशीच उभी करायची आणि पुढच्या हंगामाच्या आधी नवे ऑइल भरायचे, अशी रीत स्वाभाविक वाटते. प्रत्यक्षात ऑइल बदलण्याची योग्य वेळ हंगाम संपताना असते. आम्ल आणि पाणी शोषलेले जुने ऑइल पूर्ण पावसाळाभर बेअरिंगांना लागून राहिले तर नुकसान त्या उभ्या काळातच होते. हंगामी ट्रॅक्टर, मळणी यंत्राची इंजिने आणि विहिरीवरील पंप यांनाही हाच न्याय लागू पडतो.

धुळीचा प्रश्न ऑइलपासून वेगळा काढता येत नाही. महामार्गाची कामे, मुरमाचे पोचरस्ते, गिट्टीचे क्रशर, मळणीच्या वेळी उडणारा भुसा व राइस मिलभोवतीचे कोंड्याचे कण हे सर्व इंजिन हवेबरोबर आत ओढते, आणि मातीतील वाळूचा कण सिलिंडर व रिंगांच्या धातूपेक्षा कठीण असल्यामुळे तो आत गेल्यावर ऑइलच त्याला फिरवत राहून घासणीचे काम करते. नवे ऑइल कितीही महागाचे असले तरी फाटक्या एअर फिल्टरपुढे त्याचा इलाज चालत नाही. जुन्या ट्रॅक्टरांत कागदी फिल्टरऐवजी ऑइल बाथ पद्धतीचा फिल्टर असतो, म्हणजे आत येणारी हवा तळाशी ठेवलेल्या ऑइलवरून फिरवून तिच्यातील धूळ तेथे चिकटवली जाते. या वाटीतील ऑइल मळणीच्या दिवसांत आठवड्याच्या आत चिखल होऊन बसते, आणि इंजिनाचे ऑइल वेळेवर बदलणारेही ही वाटी उघडून पाहत नाहीत. इंजिने अकाली धूर टाकू लागण्यामागे जेवढी उशिरा बदललेली ऑइले असतात, त्यापेक्षा अधिक या न उघडलेल्या वाट्या असाव्यात. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि इंजिनात पाणी शिरले, तर मात्र कोणतेच माप लावायचे नसते. ऑइल दुधाळ झालेले दिसताच इंजिन सुरू न करता ते काढावे लागते.

ऑइल पाहून त्याची अवस्था ओळखता येते का, यावर मिस्त्री आणि ग्राहक यांच्यात रोज वाद होतो. गेजची काडी बाहेर काढली, ऑइल काळे दिसले, म्हणजे ते संपले, असे ग्राहक समजतो. डिझेल इंजिनात नवे ऑइल भरल्यावर काही किलोमीटरमध्येच ते काळे पडते, कारण काजळी आपल्यात घेऊन तरंगत ठेवणे हेच त्याचे नेमलेले काम आहे. साबणाच्या पाण्यात कपडे बुडवल्यावर पाणी मळले म्हणून साबण वाईट ठरत नाही. उलट बराच काळ स्वच्छ दिसणारे ऑइल काजळी धरत नसेल, तर ती काजळी इंजिनातच कोठेतरी बसत आहे असा अर्थ होऊ शकतो. ऑइल बोटांवर चोळून त्याची खर पाहण्याची रीत वाळूचे मोठे कण ओळखण्यापुरती ठीक आहे, आम्ल तिला कळत नाही. टीपकागदावर वापरलेल्या ऑइलचा एक थेंब टाकून तो पसरू देणे ही त्याहून चांगली कसोटी आहे. मध्यभागी गडद डाग गोळा होऊन बाहेर स्वच्छ कडा उरली तर काजळी तरंगत ठेवण्याची शक्ती संपली आहे, आणि करडेपणा कडेपर्यंत एकसारखा पसरला तर ती शिल्लक आहे, असे मानतात. रेल्वेच्या डिझेल लोको शेडमध्ये याहून पुढे जाऊन ऑइलच्या नमुन्याचे वर्णपट विश्लेषण केले जाते, म्हणजे त्यातील लोखंड, तांबे, शिसे, सिलिकॉन यांचे प्रमाण मोजून कोणता भाग झिजत आहे आणि धूळ शिरते आहे का, हे इंजिन न उघडता सांगितले जाते. सौंदडच्या रुळांवरून डिझेल इंजिने वर्षानुवर्षे धावली ती अशा तपासणीच्या आधारावर, आणि त्याच रुळांपासून हाकेच्या अंतरावर ट्रकांचे ऑइल बोटांवर चोळून पाहिले जात असते.

ऑइलच्या ग्रेडविषयी येथील एक दृढ समज असा, की विदर्भाच्या उन्हाळ्यात पातळ ऑइल चालत नाही आणि जाडच भरले पाहिजे. डब्यावर २०डब्ल्यू-५० किंवा ५डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते. त्यातील डब्ल्यू अक्षराजवळचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते हे दाखवतो आणि दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा दाखवतो. बाहेर पारा ४५ अंशांवर गेला तरी चालू इंजिनाचे पाणी थर्मोस्टॅट नावाच्या झडपेमुळे जवळजवळ एकाच ठरावीक उष्णतेवर ठेवले जाते, त्यामुळे दुसरा आकडा बदलण्याची गरज हवामान ठरवत नाही, इंजिनाची रचना ठरवते. जुन्या, झिजलेल्या इंजिनाला जाड ऑइल देऊन धूर व आवाज काही काळ कमी करता येतो, हे खरे आहे. पण आजच्या लहान पेट्रोल इंजिनात बेअरिंगांच्या फटी बारीक असतात व झडपांची वेळ बदलणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावरच चालते, आणि त्यात जाड ऑइल भरले तर थंड इंजिन सुरू होताना, म्हणजे झीज सर्वाधिक होते त्याच क्षणी, ऑइल वरपर्यंत उशिरा पोहोचते.

बदलण्याच्या अंतरावर एवढी चर्चा होत असताना पातळी पाहण्याची सवय मात्र मागे पडत चालली आहे, आणि हा या विषयातील सर्वांत गंभीर दोष मानावा लागेल. ऑइल ठरल्यापेक्षा दोन हजार किलोमीटर उशिरा बदलल्याने इंजिन जाम झाल्याचे उदाहरण दुर्मीळ असते. पातळी उतरून इंजिन बसल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजकडे असतात. काही उत्पादक हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत ऑइल खर्च होणे सामान्य समजतात, आणि लहान मोटारीच्या चेंबरमध्ये एकूण ऑइलच तीन-साडेतीन लिटर असते, हे दोन आकडे शेजारी ठेवले की १०,००० किलोमीटरपर्यंत बॉनेट न उघडणे किती धोक्याचे आहे ते स्पष्ट होते. डॅशबोर्डवरील लाल दिवा या कामी भरवशाचा नाही, कारण बहुतेक गाड्यांत तो पातळी दाखवत नसून दाब दाखवतो आणि दाब पडेपर्यंत बेअरिंगे कोरडी पडलेली असतात. सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबून, काडी पुसून पुन्हा घालून पाहणे हे काम पंधरवड्यातून एकदा झाले तरी पुरते.

स्टेज ६ च्या डिझेल गाड्या आल्यापासून याच काडीने मिस्त्र्यांपुढे एक उलटे कोडे टाकले आहे, ते म्हणजे पातळी उतरण्याऐवजी चढणे. या गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारी डीपीएफ नावाची गाळणी असते. ती भरली की इंजिन जादा डिझेल सोडून गाळणीतील उष्णता वाढवते आणि काजळी जाळून टाकते. ही क्रिया सलग वेगाने चालणाऱ्या गाडीत सुरळीत पार पडते, पण गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ती पुन्हा पुन्हा सुरू होऊन अर्धवट सुटते आणि जादा सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतो. पातळी वाढलेली पाहून मालक निश्चिंत होतो. वस्तुतः त्याचे ऑइल डिझेल मिसळून पातळ झालेले असते आणि पुस्तिकेतील अंतर निम्मेही झाले नसले तरी ते बदलणे आवश्यक असते. शिवाय या गाळणीत ऑइलची राख साठत जाते म्हणून अशा गाड्यांना कमी राख देणारे विशिष्ट ऑइलच लागते, आणि बॅरलमधून सुटे मिळणारे ट्रकचे ऑइल त्यांत भरणे म्हणजे वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट किंमत गाळणीसाठी मोजणे होय.

बहुतेक पुस्तिकांत कठीण वापरासाठी वेगळा तक्ता दिलेला असतो, तो मागच्या पानांत असतो आणि क्वचितच वाचला जातो. धूळ, वारंवार थोडे अंतर, दीर्घकाळ रिकामे चालणे, ओढलेला भार व अतिउष्णता अशी त्यातील वर्णने असतात. सौंदड परिसरातील वाहनांचे काम पाहिले तर महामार्गावरील ट्रक व नागपूरला नियमित जाणाऱ्या मोटारी वगळता बाकीची जवळजवळ सर्व याच तक्त्यात बसतात. गॅरेजमध्ये ऑइल बदलल्यावर बॉनेटच्या आत तारीख व किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी चिकटवतात. भाड्याच्या ट्रॅक्टरांचे काही मालक डिझेलचा खर्चही एका वहीत लिहून ठेवतात, आणि ऑइलचा हिशेब करण्यासाठी ती वही चिठ्ठीहून अधिक उपयोगाची ठरते.

काढलेल्या ऑइलचे पुढे काय होते, हाही या कामाचाच भाग आहे. धोकादायक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल धोकादायक समजले जाते, आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर ते परत गोळा करून त्यावर पुनर्प्रक्रिया करून घेण्याची टप्प्याटप्प्याने जबाबदारी आली आहे. गावात मात्र काळ्या ऑइलला जुने उपयोग आहेत: सेंट्रिंगच्या प्लेटांना सिमेंट चिकटू नये म्हणून ते लावतात, वाळवी लागू नये म्हणून लाकडी खांबांना फासतात, बैलगाडीच्या आसाला घालतात. हे उपयोग पूर्णपणे निरुपद्रवी नाहीत, कारण या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि जळणातून आलेली, त्वचेला अपायकारक संयुगे असतात, तरीही ते नालीत ओतण्यापेक्षा बरे. गोंदिया-भंडाऱ्याची शेती कोहळी समाजाने बांधलेल्या व पुढे मालगुजारी म्हणून ओळखल्या गेलेल्या तलावांवर शतकानुशतके पोसली गेली आहे, आणि या प्रदेशात उतारावर ओतलेली कोणतीही गोष्ट शेवटी एखाद्या तलावात किंवा बांधीत पोहोचते. गॅरेजवाल्याकडून हे ऑइल गोळा करणारे लोक ते विकत नेतात, म्हणून ते सहसा वाया जात नाही. प्रश्न आहे तो घरच्या घरी, बांधाशेजारी ट्रॅक्टरचा नट सोडणाऱ्या शेतकऱ्याचा. नवे ऑइल ज्या डब्यातून आले त्याच डब्यात जुने भरून गॅरेजला पोहोचवणे त्याला सहज शक्य असते, आणि डबा ओळखीच्या गॅरेजला द्यावा याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे: नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे बनावट ऑइल भरण्यासाठी विकत घेतले जातात, म्हणून जाणते मिस्त्री डबा रिकामा होताच त्याला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडतात, आणि जुने ऑइल परत आणायचे असेल तर ते भोक डब्याच्या झाकणाजवळ, वरच्या बाजूला पाडतात.